सेवेच्या नावाने वेठ

सरकारी खाते असो वा एखाद्या उद्योगसमूहाच्या देणगीवर चालणारी संस्था असो, समाजकार्याच्या क्षेत्रात राबणाऱ्या माणसांसाठी अलीकडे एक नवा उपचार सर्वत्र रूढ होत चालला आहे. त्याचे नाव ताणव्यवस्थापन. वर्षातून एकदा कार्यकर्त्यांना एखाद्या सभागृहात एकत्र बसवावयाचे, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यावयास सांगावयाचे, स्वतःसाठी वेळ काढण्याचा उपदेश करावयाचा, चहा-बिस्किटे द्यावयाची आणि उपस्थितीच्या सह्या घेऊन अहवाल वर पाठवून द्यावयाचा. जिचे मानधन तीन-तीन, चार-चार महिने थकलेले असते तिला श्वास कसा घ्यावा हे शिकविणारी ही व्यवस्था निर्लज्ज आहे असे म्हटले तर ते काहींना कठोर वाटेल. परंतु या उपचारामागे जे निदान दडले आहे ते तपासून पाहिले म्हणजे याहून सौम्य शब्द सापडत नाही.

ताण खरा आहे, याविषयी वाद नाही. रात्री झोप न लागणे, फोन वाजला की छातीत धस्स होणे, घरच्या मुलांवर विनाकारण खेकसणे, पाच-सात वर्षांत काम सोडून एखाद्या शाळेत वा बँकेत नोकरी धरणे, हे या क्षेत्रात घरोघरी दिसते. वाद आहे तो उगमाविषयी. खाते आणि देणगीदार सांगतात की दुःखी माणसांच्या नित्य सहवासाने संवेदनशील मन थकते, म्हणून मन कणखर करावे. हे निदान सोयीचे आहे, कारण त्यात मालक कोठेच येत नाही. वस्तुतः नुसत्या दुःखाच्या सहवासाने माणूस मोडत नाही. तसे असते तर खेड्यापाड्यांतील सुइणी आणि स्मशानातील डोंब केव्हाच वेडे झाले असते. दुःख डोळ्यांसमोर असताना ते दूर करण्याचे साधन हाती नसणे, अधिकार हाती नसणे, आणि तरीही ते दूर न झाल्याचा जाब मात्र स्वतःलाच द्यावा लागणे, याने माणूस मोडतो.

हे काही पक्षीय प्रचारातले वाक्य नव्हे. 'बर्नआउट', म्हणजे जळून राख होणे, हा शब्द ज्याने रूढ केला त्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाला तो १९७४ साली सुचला तो न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून. सेवाभावाच्या ठिकाणीच या शब्दाचा जन्म झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रॉबर्ट कारासेक या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली दाखवून दिले की कामाची मागणी मोठी आणि त्या कामावरचा स्वतःचा ताबा लहान, अशा जागी ताण सर्वाधिक असतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची जी नोंद केली ती रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून केली. तिचे ठिकाण कामाची जागा हे आहे, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. आपल्याकडील खात्यांनी शब्द तेवढा उचलला आणि ठिकाण बदलून टाकले.

हे ठिकाण प्रत्यक्षात कसे असते ते पाहण्यासाठी महाराष्ट्रातील एकच जिल्हा घ्यावा, बीड. दसरा-दिवाळी उलटली की या जिल्ह्यातील गावेच्या गावे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर निघतात. मुकादम आगाऊ उचल देतो आणि ती देतो कोयत्याच्या हिशेबाने. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा तरुण हा अर्धा कोयता. त्याची उचलही अर्धी. लग्न झाले की कोयता पुरा होतो. दुसरीकडे, वयात आलेली मुलगी आजीच्या जिवावर गावात ठेवावी तर भीती, आणि फडावर न्यावी तर तेथे दाराला कडी नसलेली पालाची झोपडी. अशा हिशेबातून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची लग्ने लागतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले आढळले. बीड-परभणीसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या कितीतरी वर आहे.

आता या साऱ्या अर्थव्यवस्थेसमोर शासनाने कोण उभे केले आहे? जिल्हा बाल संरक्षण कक्ष. जिल्ह्याला एक कक्ष, त्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके समाजकार्यकर्ते व क्षेत्रीय कार्यकर्ते, आणि तेही कंत्राटी. बीड जिल्ह्यात तालुके अकरा. १०९८ या क्रमांकावर रात्री खबर येते की उद्या सकाळी अमुक गावी एका शाळकरी मुलीची हळद आहे. कार्यकर्तीने ग्रामसेवकाला उठवावयाचे, पोलीस ठाण्याची मनधरणी करावयाची, गाडीची सोय पाहावयाची, मुलीच्या वयाचा दाखला शाळेतून मिळवावयाचा आणि अक्षता पडण्यापूर्वी मांडवात जाऊन उभे राहावयाचे. मांडवात दोनशे माणसे, जेवणाचा खर्च झालेला, वराकडची मंडळी संतापलेली; आणि त्यांच्यासमोर पंचविशीतली, समाजकार्याची पदवी घेतलेली, अकरा महिन्यांच्या करारावरची एक मुलगी.

समजा तिने लग्न थांबविले. पालकांकडून हमीपत्र घेतले, मुलीला बाल कल्याण समितीपुढे उभे केले. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे पंधरा दिवसांत सामाजिक तपासणीचा अहवाल पुरा व्हावयास हवा, म्हणजे समितीला चार महिन्यांत अंतिम आदेश देता येतो. कायदा योग्यच आहे. मुलीचे भवितव्य महिनोन्महिने लोंबकळत ठेवू नये, या हेतूने तो केलेला आहे. परंतु त्या पंधरा दिवसांत त्याच कार्यकर्तीकडे दुसरी प्रकरणेही असतात: लैंगिक अत्याचाराला बळी पडलेले मूल, बसस्थानकावर सापडलेले मूल, बाल संगोपन योजनेचे थकलेले अनुदान विचारीत कक्षाच्या पायरीवर येऊन बसलेल्या विधवा. अहवाल लिहिला जातो तो रात्री, घरी. आणि महिन्याभराने कळते की त्या मुलीचे लग्न पलीकडच्या तालुक्यात मामाच्या गावी, देवळात, चार माणसांत उरकले. सरकारी तक्त्यात मात्र 'बालविवाह रोखला' या रकान्यात एकाची भर पडलेली असते.

येथे कार्यकर्ती कोठे कमी पडली? उचल मुकादमाने दिली. मजुरीचा दर कारखानदारांच्या बैठकीत ठरला. हंगामी वसतिगृह वेळेवर उघडले नाही ते शिक्षण खात्याने. आठवीनंतरची शाळा आठ-दहा कोसांवर राहिली ती नियोजनकर्त्यांमुळे. यांपैकी एकही गोष्ट तिच्या हाती नाही, आणि या सर्वांचा परिणाम मात्र तिच्या फाइलीत येऊन पडतो. रात्री तिच्या डोळ्यांपुढे जी मुलगी उभी राहते, तिच्याविषयीची अपराधी भावना ही वास्तविक मुकादमाची, कारखान्याची आणि शासनाची आहे. ती कोणी तरी वाहावी लागते म्हणून एका कंत्राटी कार्यकर्तीकडून वाहून घेतली जाते. ताणव्यवस्थापनाच्या शिबिराला साखर कारखान्याच्या अध्यक्षाला आजवर कोणी बोलाविल्याचे ऐकिवात नाही.

गावपातळीवर हीच गोष्ट अधिक उघडीनागडी दिसते. बालविवाह रोखण्याची जबाबदारी तेथे ग्रामसेवकावर आहे आणि त्याच्या साहाय्याला अंगणवाडी सेविका दिली आहे. ग्रामसेवकाची बदली होते. सेविकेची होत नाही. ती त्याच गावची सून असते. ज्या घराविरुद्ध तिने खबर द्यावयाची त्या घराशी तिचे दळण, पाणी, उसनवारी, भावकी असा रोजचा संबंध असतो. तक्रार दिली तर गावाशी वैर, न दिली तर कर्तव्यच्युती. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातील 'साथिन' भंवरीदेवी हिने १९९२ साली भटेरी गावात एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबविण्याचा प्रयत्न केला, तो शासनाने नेमून दिलेल्या कामाचा भाग म्हणून. त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कनिष्ठ न्यायालयाने १९९५ साली आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. तिच्या प्रकरणातून स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ साली विशाखा निकाल लागला आणि पुढे २०१३ चा कायदा झाला, ज्याच्या आधारे आज वातानुकूलित कार्यालयांतूनही समित्या नेमल्या जातात. देशाला कायदा मिळाला. ज्या कामगिरीवर ती गेली होती त्या कामगिरीवर जाणाऱ्या बायांना मात्र आजही ना वाहन आहे, ना सोबत, ना कर्मचारी म्हणून दर्जा.

अंगणवाडी सेविका ही समाजकार्यकर्ती नव्हे, तिची गणना वेगळी, असा आक्षेप पदवीधर समाजकार्यकर्त्यांतून कधी कधी ऐकू येतो. विद्यापीठाच्या प्रमाणपत्राने ज्यांच्यात भिंत उभी राहते त्यांना एकाच दोरीने बांधलेले आहे हे या आक्षेपकांना दिसत नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिला ५० वर्षे झाली. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. एवढ्या मोठ्या योजनेचा कणा असलेल्या बाईला पहिल्या दिवसापासून आजपर्यंत मिळते ते मानधन. ती कर्मचारी नाही, 'मानसेवी' आहे. परंतु हीच मानसेवी बाई संप करावयास निघाली तेव्हा मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिला अत्यावश्यक सेवेचा कायदा, 'मेस्मा', लागू केला. विधिमंडळात गदारोळ झाला म्हणून त्याला स्थगिती मिळाली ही गोष्ट वेगळी. पगार मागावयास आली की ती सेवाभावी, आणि काम थांबविले की अत्यावश्यक! शासनाच्या दुटप्पीपणाचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ साली योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांचा उपदानाचा हक्क मान्य केला. शिफारस कागदावर राहिली, आणि प्रत्येक हक्कासाठी मोर्चा काढल्यावाचून काही पदरी पडत नाही, हा अनुभव कायम राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला महाराष्ट्रातील सेविकांचा संप सुमारे पन्नास दिवस चालला.

त्यात आणखी एक नवे जोखड आले आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्राने 'पोषण ट्रॅकर' नावाची मोबाइलवरील नोंदपद्धती आणली. शासनाने दिलेले फोन निकृष्ट, पद्धतीची भाषा इंग्रजी. तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी ते फोन गोळा करून शासनाला परत केले. २०२५ पासून शिधा घेणाऱ्या मातेचा चेहरा यंत्राने ओळखल्यावरच तो द्यावा, असा दंडक आला. ज्या बाईला सेविका लग्न होऊन आल्यापासून ओळखते, तिची ओळख यंत्र पटवीत नाही म्हणून तिला रिकाम्या हाताने परत पाठविण्याची पाळी तिच्यावर येते आणि शिव्या खाव्या लागतात त्या तिलाच. हे तंत्रज्ञानाला विरोध करण्याचे कारण नव्हे. नोंद नीट झाली तर कुपोषण झाकता येत नाही, आणि हे कोणालाही हवेच. परंतु नोंद हीच जेव्हा कामाची जागा घेते, मूल वजनकाट्यावर ठेवण्यापेक्षा त्याचा आकडा पडद्यावर चढविणे महत्त्वाचे ठरते, तेव्हा कार्यकर्तीला स्वतःच्या कामातला अर्थच दिसेनासा होतो. यंत्रावर राबणाऱ्या मजुराला आपल्याच श्रमाचे फळ परके होते, हे मार्क्सने सांगितले ते कापडगिरणीविषयी. अंगणवाडीच्या खोलीतही ते तितकेच खरे ठरत आहे.

शहरातील इस्पितळांचे चित्र याहून वेगळे नाही, केवळ भिंतींचा रंग वेगळा आहे. देशातील पहिली वैद्यकीय समाजकार्यकर्ती १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमली गेली. रोग्याच्या खाटेपलीकडे त्याचे घर, त्याची मजुरी, त्याचे कर्ज पाहणारे कोणी तरी रुग्णालयात असावे, ही त्यामागची थोर कल्पना. आज धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. या खाटा गरिबाला मिळवून देण्याचे काम समाजकार्यकर्तीकडे. पण तिचा पगार देते रुग्णालय, आणि मोफत खाट जितकी रिकामी राहील तितके ते व्यवस्थापनाला हवे असते. मग शिधापत्रिका आणा, उत्पन्नाचा दाखला आणा, तहसीलदाराची सही आणा, असे सांगत रोग्याच्या नातेवाइकांना परतवून लावणारी खिडकी म्हणून तिला बसविले जाते. नातेवाइकांच्या लेखी निर्दय ती. व्यवस्थापनाच्या लेखी गरिबांची फाजील कड घेणारीही तीच.

दोष खाली ढकलण्याची ही रीत केवळ भारताची नाही. लंडनच्या हॅरिंगे भागात २००७ साली सतरा महिन्यांच्या पीटर कॉनेली या बालकाचा घरच्यांच्या छळाने मृत्यू झाला. वृत्तपत्रांनी समाजकार्यकर्त्यांविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली आणि मंत्र्याच्या हस्तक्षेपानंतर बालसेवा विभागाच्या संचालिकेला बडतर्फ करण्यात आले. ती बडतर्फी बेकायदा होती, असा निर्णय अपील न्यायालयाने २०११ साली दिला. पण तोवर जनतेच्या मनात गुन्हेगार ठरली होती ती समाजकार्यकर्ती. फरक एवढाच की तेथील समाजकार्यकर्ते नगरपालिकांचे कायम नोकर होते आणि त्यांच्यामागे संघटना होती. १९७८-७९ साली त्यांच्यापैकी अनेकांनी महिनोन्महिने संप केल्याचा इतिहास आहे. महाराष्ट्रात एखाद्या बालगृहात दुर्घटना घडली तर प्रथम कोणाचे कंत्राट संपते, हे सांगावयास नकोच.

कंत्राट हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. अकरा महिन्यांची नेमणूक, मध्ये एक-दोन दिवसांचा खंड, पुन्हा अकरा महिने. अशी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे काढलेले समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते जिल्ह्याजिल्ह्यांतून आहेत. बालकांचे प्रश्न कायमचे, योजना कायमच्या, कार्यालयाच्या पाट्या कायमच्या. तात्पुरता काय तो कार्यकर्ता. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाची ढाल पुढे करून सरकारे कायम करण्याची मागणी फेटाळीत आली. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की दीर्घकाळ कायम स्वरूपाचे काम करून घ्यावयाचे आणि तात्पुरतेपणाच्या लेबलाआड हक्क नाकारावयाचे, ही शासनाला शोभणारी वर्तणूक नव्हे. खात्यांनी या निकालाची दखल घेतल्याची चिन्हे मात्र दिसत नाहीत. ज्या संस्थेने १९३६ पासून या देशाला समाजकार्यकर्ते पुरविले त्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतच जून २०२४ मध्ये शंभराहून अधिक कंत्राटी अध्यापक व कर्मचाऱ्यांच्या हाती काम संपल्याच्या नोटिसा पडल्या. देणगीदाराचा पैसा वेळेवर आला नाही, हे कारण. ओरड झाल्यावर नोटिसा मागे घेतल्या गेल्या. परंतु समाजकार्य शिकविणाऱ्याचीच भाकरी जर देणगीदाराच्या एका पत्रावर अवलंबून असेल, तर शिकून बाहेर पडणाऱ्यांची काय कथा!

कारण स्वयंसेवी संस्थांतील स्थिती सरकारी कंत्राटापेक्षाही नाजूक आहे. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे भाग झाले. त्या पैशाने अनेक संस्था उभ्या राहिल्या आणि त्याबरोबर कंपन्यांची वार्षिक कालगणनाही समाजकार्यात शिरली. मार्च महिना आला की प्रकल्प पुढे चालू राहणार की नाही या चिंतेत कार्यकर्ता असतो. दारूच्या आहारी गेलेला बाप सुधारावयास किती वर्षे लागतील हे कोणाला सांगता येत नाही, परंतु 'लाभार्थी किती' हे दर तिमाहीस सांगावेच लागते. सप्टेंबर २०२० मध्ये, साथीच्या ऐन भरात, परकीय देणगी कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला निधी देण्यास बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थांच्या आधाराने तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या लहान संस्थांचा श्वास त्याने कोंडला. १०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली आणि तिचे जाळे देशभर स्वयंसेवी संस्थांनी विणले. २०२३ साली शासनाने ती आपल्या हाती घेतली. शासनाने जबाबदारी घेतली हे तत्त्वतः उचितच. परंतु वर्षानुवर्षे रस्त्यावरच्या मुलांत वावरलेल्या कार्यकर्त्यांना कायम पदांवर सामावून घेऊन ती घेतली असती, तर त्याला समाजवादी पाऊल म्हणता आले असते.

आता ज्या प्रश्नाला पुरोगामी वर्तुळात सहसा हात घातला जात नाही त्याकडे वळणे भाग आहे. 'मानधन' हा शब्द सरकारने शोधून काढलेला नाही. तो सेवादलांच्या, आश्रमांच्या, चळवळींच्या कोशातून सरकारने उचलला. घरदार सोडून निघालेल्या पूर्णवेळ कार्यकर्त्याला समाजाने आदरपूर्वक दोन वेळच्या जेवणापुरते द्यावे, ही त्यामागची भावना उदात्त होती. तो त्याग स्वेच्छेने केलेला होता; कामाची दिशा ठरविण्यात त्या कार्यकर्त्याचा वाटा होता; तो कोणाचा नोकर नव्हता. आज ज्या बाईवर वरून आदेश येतात, जिची हजेरी यंत्र घेते, जिला कारणे दाखवा नोटीस निघते, ती सर्व अर्थांनी नोकर आहे. तिच्या वेतनाला मानधन म्हणणे ही शब्दांची चोरी होय. पण ती चोरी होताना चळवळीतील अनेकांनी पाहूनही न पाहिल्यासारखे केले, आणि काहींनी तर आपापल्या संस्थांतून तीच रीत चालविली. कार्यकर्त्याने पगारवाढ मागितली की 'ध्येयवाद राहिला नाही' असा उसासा टाकणारे संस्थाचालक पुरोगामी म्हणून मिरवत आले आहेत. त्यांच्या कार्यालयांतून साने गुरुजींची तसबीर असते आणि भविष्यनिर्वाह निधीचे खाते नसते.

या उसाशाला आता कायद्याचे बळ मिळाले आहे, आणि म्हणूनच हा विषय निव्वळ नीतीचा राहिलेला नाही. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राने 'उद्योग' या शब्दाचा अर्थ इतका व्यापक केला की पद्धतशीरपणे माणसे नेमून सेवा देणाऱ्या धर्मादाय संस्थाही त्यात आल्या. त्यामुळे तेथील नोकरालाही कामगार म्हणून दाद मागण्याची वाट मोकळी झाली. १९८२ साली संसदेने अशा संस्थांना वगळणारी दुरुस्ती मंजूर केली, परंतु ते कलम कधीच अंमलात आले नाही. जे चार दशके जमले नाही ते २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने केले. संपूर्णतः वा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवेत गुंतलेल्या संघटनांच्या संस्था 'उद्योग' या व्याख्येतून तिने वगळल्या, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. याचा अर्थ साधा आहे. साबणाच्या कारखान्यातून काढलेला मजूर औद्योगिक न्यायालयाची पायरी चढू शकतो. अनाथ मुलांच्या संस्थेतून काढलेल्या समाजकार्यकर्तीपुढे तो दरवाजा बंद झाला. चार संहितांविरुद्ध कामगार संघटनांनी संप केले, सभा घेतल्या. त्या सभांतून या कलमाचा उल्लेख किती वेळा झाला?

यावर कामगार संघटनांचे जुने पुढारी म्हणतात की ही माणसे विखुरलेली आहेत, त्यांना एक मालक नाही, सुशिक्षित असल्याने ती स्वतःला कामगार मानीत नाहीत. त्यांची संघटना बांधावी कशी? हाच प्रश्न एके काळी हमालांविषयी विचारला जात होता. हमाल आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर. व्यापारी म्हणे हा माझा नोकर नव्हे. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत माथाडी कामगारांनी हे उत्तर मानले नाही. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळे स्थापन झाली, मालकांची आणि कामगारांची नोंद झाली, मालकांकडून लेव्ही वसूल होऊ लागली, आणि ज्याला एक मालक नाही त्यालाही भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळू शकते हे देशाला दिसले. पुण्याच्या कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी १९९३ साली आपली पंचायत उभारली. मग देणगीदार कंपन्यांच्या दोन टक्क्यांवर लेव्ही बसवून समाजकार्यकर्त्यांचे कल्याण मंडळ का निघू नये? प्रकल्प बदलला, संस्था बदलली तरी कार्यकर्त्याची सेवा अखंड धरली जावी, थकलेले वेतन मंडळाने आगाऊ द्यावे, अपघाताची आणि हल्ल्याची भरपाई मंडळाने द्यावी. हे अशक्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी माथाडी कायद्यापूर्वीचे व्यापाऱ्यांचे युक्तिवाद एकदा आठवावेत.

कायम नोकरी दिली की कार्यकर्ते आळशी होतील, हा आणखी एक युक्तिवाद. गंमत अशी की तो कंत्राटी समाजकार्यकर्तीविषयी करणारे सचिव, उपसचिव आणि आयुक्त स्वतः कायम असतात आणि त्यांच्या उत्साहाला त्यामुळे बाधा आल्याचे ते मान्य करणार नाहीत. जिचे कंत्राट मार्चअखेर संपावयाचे आहे ती कार्यकर्ती गावच्या पुढाऱ्याच्या पुतण्याविरुद्ध अहवाल लिहिताना दहा वेळा विचार करील, हे मात्र उघड आहे. कायमपणाचा संबंध केवळ तिच्या पोटाशी नाही; ज्या मुलीविषयी ती अहवाल लिहिते त्या मुलीच्या जिवाशीही आहे.

जिल्ह्याजिल्ह्यांतील पक्षकार्यकर्त्यांना याची सुरुवात करावयास मुंबईच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो: बाल संरक्षण कक्षात मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतील कंत्राटी किती, गेल्या वर्षी मानधन कोणत्या महिन्यात कोणत्या तारखेस जमा झाले, एका कार्यकर्त्याकडे किती प्रकरणे आहेत, आणि कार्यालयाला गाडी आहे काय. उत्तर आले की ते तालुक्याच्या सभेत वाचून दाखवावे, आणि त्या सभेला अंगणवाडी सेविकांबरोबर इस्पितळातील व संस्थांतील पदवीधर समाजकार्यकर्त्यांनाही बोलवावे. ऊसतोड मजुरांच्या दरवाढीच्या मागणीपत्रात हंगामी वसतिगृहाचे कलम असते. त्याच्याच खाली बाल संरक्षण कक्षातील पदे कायम करण्याचे कलम घालावे. येत्या हंगामाच्या वाटाघाटी सुरू होण्यापूर्वी हे होऊ शकते.